जुन्या गाडीचे पॉवर स्टिअरिंग दुरुस्त करावे की इलेक्ट्रिक बसवावे?

प्रश्न : माझ्याकडे २००१ सालची होंडा सिटी आहे. मी निवृत्त शिक्षक असून कराडला राहतो, आणि मुलगी चिपळूणला असल्यामुळे कुंभार्ली घाटातून आमचे नेहमी जाणे-येणे असते. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी काढताना स्टिअरिंग जड लागते आणि दहा-पंधरा मिनिटे चालवल्यावर हलके होते. गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण फिरवले की बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंगच्या तेलाची टाकी दर पंधरा-वीस दिवसांनी भरावी लागते, पण जमिनीवर डाग दिसत नाही. मागच्या वेळी गॅरेजमध्ये लाल रंगाचे तेल भरले होते. एक मेकॅनिक पंप बदला म्हणतो. दुसरा म्हणतो की हे सगळे काढून टाका आणि एखाद्या नव्या छोट्या गाडीचे इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवा. पत्नीही गाडी चालवते आणि तिचे मनगट दुखू लागले आहे. गाडी विकायची इच्छा नाही. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की गाडी प्रत्यक्ष न पाहताही बरेच काही सांगता येते. माझे मत आधीच सांगतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंग बसवू नका आणि पंपही इतक्यात बदलू नका. तुमच्या गाडीची मूळ हायड्रॉलिक यंत्रणा चांगली आहे. तिच्यातले रबर, तेल आणि झिजलेले भाग योग्य क्रमाने बदलले तर ती पुन्हा पूर्वीसारखी चालेल. आणि तुमची तिन्ही लक्षणे एकत्र पाहिली तर मुख्य संशय पंपावर नव्हे, रॅकवर, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या आडव्या दातेरी दांड्याच्या जोडणीवर जातो.

असे का म्हणतो ते समजण्यासाठी यंत्रणेचे काम थोडक्यात पाहू. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप टाकीतले तेल ओढतो आणि दाबाखाली जाड होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, रॅककडे पाठवतो. रॅकला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापाशी, म्हणजे पिनियनपाशी, एक फिरती झडप असते आणि तिच्या पोटात टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी सळई असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा चाकांच्या विरोधामुळे ही सळई किंचित पिळली जाते, झडपेचे मार्ग उघडतात आणि रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला तेलाचा दाब जाऊन तो रॅकला तुमच्या इच्छेच्या दिशेने ढकलतो. सरळ रस्त्यावर हा दाब अगदी कमी असतो, पण जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण फिरवले की तो साधारण ६० ते ९० बारपर्यंत (बार हे दाब मोजण्याचे एकक) चढतो. टायरमध्ये हवा जेमतेम दोन बार असते, हे लक्षात घेतले म्हणजे वीस वर्षांहून जुन्या रबरी सिलांवर केवढा भार पडतो याची कल्पना येईल.

आता सकाळच्या जडपणाकडे पाहू. पंपाच्या आतली पाती आणि त्यांच्याभोवतीची कडी झिजली असती तर त्रास उलट दिसला असता. तेल गरम होऊन पातळ झाले की ते झिजलेल्या फटींतून निसटते, त्यामुळे असा पंप सकाळी बरा चालतो आणि दुपारी गर्दीत, कमी वेगात जड होतो. तुमची गाडी सकाळी जड आणि तापल्यावर हलकी होते. झडपेवरच्या टेफ्लॉनच्या कड्या आणि पिस्टनचे सील कडक झाले, किंवा त्यांनी रॅकच्या आतल्या भिंतीवर बारीक चरे पाडले, म्हणजे थंडपणी दाबाखालचे तेल त्यांच्या कडेने पलीकडे जाते आणि मदत मिळत नाही. यंत्रणा तापली की कड्या थोड्या फुलतात, फट बुजते आणि स्टिअरिंग हलके होते. हा दोष काळाबरोबर वाढत जातो. दहा मिनिटांचा जडपणा पुढे अर्ध्या तासाचा होतो आणि नंतर तो जातच नाही.

टाकीतले तेल कमी होते पण जमिनीवर डाग नाही, हे दुसरे लक्षणही रॅककडेच जाते. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी बूट असतात. टोकाचे सील गळू लागले की तेल बाहेर न पडता या बुटांमध्ये साठते. गाडी सुरक्षितपणे उचलून स्टँडवर ठेवा, बुटाची आतल्या बाजूची क्लिप सैल करा आणि बूट हलकेच सरकवून बघा. आतून तेल ओघळले तर निदान पक्के झाले. तेलाऐवजी गंजाचे तांबूस पाणी निघाले तर बूट फाटलेला आहे आणि पावसाळ्याचे पाणी रॅकच्या दांड्यापर्यंत पोहोचले आहे. घाटातल्या पावसात नेहमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही शक्यता मी फार गांभीर्याने घेईन, कारण दांड्यावर गंजाचे खड्डे पडले की नवे सीलही काही आठवड्यांत खरवडले जाते. तेल जाण्याची आणखी एक वाट म्हणजे दाबाच्या होजचा सांधा. तिथून उडालेले तेल इंजिनच्या खालच्या पत्र्यावर पसरते आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पडले तर पेट घेऊ शकते, म्हणून होजची पूर्ण लांबी आणि इंजिनची मागची बाजू स्वच्छ पुसून दोन दिवसांनी पुन्हा पाहावी.

राहिला आवाज. स्टिअरिंग पूर्ण टोकाला गेले की पंपातली दाब मोकळा करणारी झडप उघडते आणि हलका फुस्स असा आवाज येतो. तो कोणत्याही हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये येणारच. कर्कश किंचाळणे हे सैल किंवा घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्याचे लक्षण आहे. कण्हल्यासारखा, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा आवाज मात्र बहुतेक वेळा तेलात हवा मिसळल्याचा असतो. इंजिन पाच मिनिटे चालवून, स्टिअरिंग दोन-तीनदा फिरवून, इंजिन बंद करून टाकीचे झाकण उघडा. तेलावर फेस असेल किंवा ते दुधाळ दिसत असेल तर हवा जाते आहे, यात शंका नाही. ती कुठून जाते हे पुष्कळ मेकॅनिकांच्या लक्षात येत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत तेल दाबले जात नाही, ओढले जाते. तिथला सांधा खराब झाला तर तेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि बाहेरून सगळे कोरडे दिसते. तुमच्या गाडीत पंपाच्या तोंडाशी जो आत येणारा नळीचा तुकडा बोल्टांनी बसवलेला असतो, त्याच्याखाली एक छोटी ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, असते. वीस वर्षांत ती दगडासारखी कडक आणि चपटी होते. काही रुपयांच्या या रिंगेमुळे कण्हणारे चांगले पंप भंगारात जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ती रिंग योग्य मापाची आणि तेल व उष्णता सहन करणाऱ्या रबराची घ्या; दुकानातल्या डब्यातून हाताला येईल ती नको. टाकीतले तेल कमी झाल्यावरही पंप हवा ओढतो, म्हणजे तुमच्या रॅकची गळती आणि पंपाचा आवाज हे एकाच दुखण्याचे दोन भागही असू शकतात.

पैसे खर्च करण्याआधी आणखी एक तपासणी अवश्य करा, कारण जड स्टिअरिंगचे सगळे खापर हायड्रॉलिक्सवर फोडणे बरोबर नाही. पुढची दोन्ही चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. ते एकसारखे, थोडे चिकट पण अडथळ्याविना फिरले पाहिजे. मध्येच ठरावीक ठिकाणी अडकत असेल तर पायांशी असलेला स्टिअरिंग शाफ्टचा क्रॉस जॉइंट गंजलेला असू शकतो. सगळीकडे जड असेल तर टाय रॉडचे (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यांचे) एंड चाकाच्या बाजूने सोडून पुन्हा फिरवा; मग हलके झाले तर दोष खालच्या बॉल जॉइंटमध्ये किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या बेअरिंगमध्ये आहे. टायरमधली हवा आणि टायरची रुंदी हीही पाहा. कंपनीने सांगितलेल्या मापापेक्षा रुंद टायर लावलेले असतील तर पत्नीच्या मनगटाच्या दुखण्यात त्यांचाही वाटा आहे.

पंप की रॅक हा वाद अंदाजाने मिटवण्याची गरज नाही. पंप आणि दाबाचा होज यांच्या मध्ये प्रेशर गेज आणि एक बंद करता येणारी झडप जोडतात. तेल तापलेले असताना झडप बंद करून पाहतात. पंपाने गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला दाब दाखवला तर पंप निर्दोष आहे, आणि झडप उघडून स्टिअरिंग टोकाला नेल्यावर तोच दाब मिळत नसेल तर तेल रॅकच्या आत निसटते आहे. झडप पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ बंद ठेवायची नाही, नाहीतर चांगला पंपही जळतो. हे गेज लहान गॅरेजमध्ये नसते, पण ट्रॅक्टर, जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांची हायड्रॉलिक कामे करणाऱ्यांकडे असते, आणि कराड-इस्लामपूरच्या पट्ट्यात असे कारागीर नक्की मिळतील. तुमचा त्रास सकाळचा असल्यामुळे ही तपासणी गाडी रात्रभर थंड झाल्यावर आणि नंतर गरम असताना, अशी दोन्ही वेळा करायला सांगा.

आता लाल तेलाबद्दल. ते बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बनवलेले तेल असावे. अनेक गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये तेच चालते, पण होंडाने आपल्या स्टिअरिंगसाठी वेगळे तेल ठरवून दिले आहे आणि दुसरे तेल वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणून इतर काही काम निघो वा न निघो, हे तेल आधी पूर्ण काढा. टाकीतले तेल पिचकारीने काढून नवे ओतल्याने काम होत नाही, कारण बरेचसे तेल रॅक आणि होजमध्ये असते. परतीचा होज टाकीपासून सोडून बाटलीत धरायचा, टाकीचे ते तोंड बंद करायचे, टाकी नव्या तेलाने भरायची, एकाने इंजिन थोडा वेळ चालवून स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायचे आणि टाकी रिकामी होण्याआधीच इंजिन बंद करायचे. बाटलीत स्वच्छ, फिकट पिवळे तेल येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. यंत्रणेत साधारण एक लिटरच्या आसपास तेल मावते, त्यामुळे धुण्यासाठी दोन लिटर हाताशी असू द्या. टाकीत जाळी असेल तर तीही साफ करा, कारण जुन्या रबराचा काळा गाळ तिच्यात अडकून पंपाची उपासमार होते. शेवटी चाके उचललेली ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग सावकाश पंधरा-वीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले म्हणजे उरलेली हवा वर येते. गळती थांबवणारे बाटलीबंद औषध मात्र तेलात घालू नका. ते रबर मऊ करून फुगवते, काही दिवस बरे वाटते आणि मग तेच सील लोळागोळा होऊन झडपेत अडकते.

ओ-रिंग आणि तेल बदलून आवाज गेला, पण सकाळचा जडपणा राहिला, असे होण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. तेव्हा रॅक उतरवावा लागेल. उतरवल्यावर आधी दांडा पुसून, उजेडात फिरवून पाहा. तो आरशासारखा असेल तर सील किट घालून काम होईल. नखाला लागतील असे खड्डे असतील तर सील किटवर खर्च करणे व्यर्थ आहे. दांड्याचे हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून घ्यावे, नाहीतर खात्रीचा दुसरा रॅक शोधावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असे बारीक काम जाणणारे लोक आहेत. कारागिराला दोन प्रश्न विचारा. नवे सील दांड्याच्या दातांवरून कसे नेणार? त्यासाठी दातांवर गुळगुळीत आवरण चढवावे लागते, नाहीतर सील बसतानाच कापले जाते. आणि झडपेच्या टेफ्लॉनच्या कड्या बसवल्यावर त्या पुन्हा मापात कशा दाबणार? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे जो देतो, त्याच्याकडे रॅक द्यावा. जोडताना रॅकच्या पाठीमागचा ॲडजस्टिंग नट प्ले, म्हणजे ढिलेपणा, घालवण्याच्या नादात जास्त आवळला जाणार नाही हेही पाहा. तो आवळला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि घाटात हे फार धोक्याचे आहे. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.

दाबाचा होज मूळचाच असेल तर याच वेळी बदला. तयार मिळाला नाही तर हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून दोन्ही टोके क्रिम्प करून घ्या, पण होजवर छापलेली दाबाची मर्यादा स्वतः वाचा, आणि सांध्यांचे तांब्याचे वॉशर नवे घाला. दाबाच्या बाजूला साधी स्क्रूची क्लिप कोणी लावत असेल तर गाडी तिथून परत आणा. गेजवर पंपच कमजोर निघाला, तर त्याचाही सील किट आणि बेअरिंग मिळते. आतल्या कडीवर लाटांसारखे ओरखडे किंवा शाफ्टवर सिलाची खाच नसेल तर तो दुरुस्त होतो. पाती परत बसवताना त्यांची गोल धार बाहेर, कडीकडे असली पाहिजे.

इलेक्ट्रिक स्टिअरिंगला माझा विरोध ते तंत्र वाईट आहे म्हणून नाही. सुझुकीने १९८८ साली सर्व्हो या छोट्या मोटारीत ते आणले आणि आज बहुतेक नव्या गाड्यांत तेच असते. अडचण ते तुमच्या गाडीत बसवण्याची आहे. मोटर असलेला कॉलम (स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा आणि त्याचे आवरण) दुसऱ्या गाडीचा, त्याचे माप वेगळे, म्हणून शाफ्ट कापून वेल्डिंग करावे लागते. अपघातात चालकाच्या छातीवर येऊ नये म्हणून मूळ कॉलम दाबला जाईल अशा रचनेचा असतो. जोडकामात ती रचना बिघडते. मोटर किती मदत करेल हे ठरवणाऱ्या कंट्रोलरला गाडीच्या वेगाचा संकेत लागतो. तो नीट जोडला नाही तर ताशी ८० किलोमीटरलाही स्टिअरिंग पार्किंगमध्ये असते तितकेच हलके राहू शकते, किंवा मदत एकदम बंद पडू शकते. जागेवर वळवताना मोटर कित्येक अँपिअर वीज ओढते, तिच्यासाठी वेगळी जाड वायर आणि फ्यूज हवा, आणि जुन्या अल्टरनेटरला ते झेपले पाहिजे. शिवाय पंप काढला तरी तुमचा रॅक हायड्रॉलिकच राहतो आणि त्याची कडक झालेली सिले घासतच राहतात. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने मालकाला गाडीत करता येणाऱ्या बदलांवर मर्यादा घातल्या आहेत. स्टिअरिंगचा प्रकार नोंदणीपत्रावर छापलेला नसला, तरी वेल्ड केलेला शाफ्ट नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत किंवा अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकासमोर आला तर उत्तर देणे तुम्हालाच अवघड जाईल.

काम होईपर्यंत पत्नीने सकाळची गाडी काढू नये आणि तुम्हीही घाट टाळावा, असे आग्रहाने सांगतो. हायड्रॉलिक मदत गेली तरी स्टिअरिंग चाकांपासून सुटत नाही, गाडी वळते. पण जो जोर अचानक लावावा लागतो त्याने नागमोडी वळणावर चालक गडबडतो. याच कारणाने पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची सवय कोणालाही असू नये. गाडी लावताना चाके थोडी फिरत असतानाच स्टिअरिंग वळवा आणि टोकाला नेऊन धरून ठेवू नका, त्याने सील आणि मनगट दोघांचाही भार कमी होईल.

आधी तेल, ओ-रिंग आणि पट्टा करून घ्या. टाकीवर तेलाच्या पातळीशी रंगाची बारीक खूण करा आणि पंधरा दिवस रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी पाहा. पातळी उतरली किंवा बुटात तेल आले तर रॅकचे काम पावसाळ्याच्या आधी उरकून घ्या.